जादा सुभेदार

इंद्रनील कारखानीस मुदीर झाला त्या दिवशी त्याने सगळ्या कॅम्पला कुनाफा नावाची अरबी मिठाई वाटली. मुदीर म्हणजे मॅनेजर. आखातातल्या रास अल खैरमध्ये पंपांची देखभाल करणारी ती एक छोटी कंपनी होती, माणसं साठेक. पंप जपानी होते, आणि इंद्रनीलला इंजिनिअरिंगइतकंच जपानीही येत होतं, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्याला पुण्याहून आणलं होतं. जपानी तज्ज्ञ आले की तो दुभाषा, ते गेले की पुन्हा इंजिनिअर.

आधीचे मॅनेजर निवृत्त होऊन केरळला परत गेले तेव्हा सरकारदरबारी 'जबाबदार मुदीर' म्हणून कुणाचं तरी नाव लावणं भाग होतं. कंपनीची सरकारी कागदपत्रं फहाद बघायचा. तो मालकाचा भाचा, मूळचा बुरैद्याचा, पस्तिशीतला, बोलायला गोड. त्याने इंद्रनीलसमोर तीन अरबी फॉर्म ठेवले आणि सांगितलं की हे फक्त कागदावर आहे, काम तेच राहील. इंद्रनीलला अरबी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. त्याने सह्या केल्या.

इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, 'तंत्रज्ञ' होतं तिथे 'मुदीर' आलं. पुण्यात त्याची बायको चारुता कॉलेजात जपानी शिकवायची. ती फोनवर हसली आणि म्हणाली, कारखानीसांच्या घरात दोनशे वर्षांनी कुणाला तरी खरा कारखाना मिळाला.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, मार्चमध्ये, वर्कशॉपमध्ये अपघात झाला. पंप तपासायच्या खड्ड्यावरची लोखंडी जाळी दुरुस्तीला काढली होती आणि तिच्या जागी काहीच टाकलं नव्हतं. अलिबागकडचा बाळाराम नावाचा फिटर त्यात पडला. त्याचा डावा पाय फिरत्या कपलिंगमध्ये सापडून गुडघ्याखाली गेला. त्या दिवशी इंद्रनील दोन जपानी तज्ज्ञांबरोबर जुबैलला होता. जाळी काढायला सुपरवायझरने तोंडी सांगितलं होतं. इंद्रनीलच्या कानावर त्यातलं काहीही आलेलं नव्हतं.

दर शुक्रवारी तो बाळारामला हॉस्पिटलमध्ये भेटायला जायचा. बाळारामने कुणालाच बोल लावला नाही. घरी काय सांगायचं, एवढीच त्याला काळजी होती.

मे महिन्यात इंद्रनील सुट्टीवर निघाला. दम्मामच्या विमानतळावर पासपोर्टच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने त्याचा नंबर टाइप केला, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा टाइप केला आणि शेजारच्याला बोलावलं. मग त्याला बाजूला खुर्चीवर बसवून पाण्याची बाटली दिली. तासाभराने एकाने येऊन शांतपणे सांगितलं की तुमच्या नावावर सफरबंदी आहे. बॅग विमानात गेली होती. ती परत काढायला आणखी दोन तास लागले. ती घेऊन तो बाहेर आला आणि टॅक्सीवाल्याने कुठे जायचं विचारलं तेव्हा त्याला पटकन उत्तर देता आलं नाही.

फहादने दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. अपघाताची चौकशी चालू आहे. ती फाइल बंद होईपर्यंत जबाबदार मुदीरने देश सोडायचा नाही, असा नियम आहे. किती दिवस, असं विचारल्यावर तो इन्शाल्ला म्हणाला. राजीनामा देऊ का, असं विचारल्यावर म्हणाला की खुशाल दे, पण रजिस्टरवर दुसरं नाव चढल्याशिवाय तुझं उतरत नाही. फाइलही मग त्या दुसऱ्या माणसाच्या नावावर जाईल. तो इंजिनिअर हवा.

कंपनीत आणखी चार इंजिनिअर होते. चौघांनीही विमानतळाची हकिगत ऐकली होती. एकही तयार झाला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं इंद्रनीलला वाटलं नाही.

जुलैमध्ये बाळाराम नवा पाय लावून, कुबडीवर, घरी गेला. ज्याचा पाय गेला तो सुटला आणि जो जुबैलमध्ये बसून पंपाच्या सीलबद्दल बोलत होता तो अडकला, हे इंद्रनीलच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्याच महिन्यात कंपनीचं इथलं मोठं काम संपलं. चाळीस माणसं नव्या कामावर खफजीला हलवली. जबाबदार मुदीराचा पत्ता मात्र जिथली फाइल तिथलाच लागतो, म्हणून इंद्रनील रास अल खैरच्या कॅम्पात राहिला. उरलेले लोक पंप मोडीत काढायला होते. त्याला काम असं नव्हतंच. सकाळी आठला तो ऑफिसात जायचा, दारावर 'मुदीर' लिहिलेल्या खोलीत बसायचा, एसी लावायचा. पाच वाजता बंद करायचा. पगार वेळेवर येत होता, आणि घरच्यांना समजावून सांगायला हीच गोष्ट सगळ्यात अवघड होती. पुण्यातल्या त्याच्या भावाला तर कळतच नव्हतं की मॅनेजर आहेस, बसून पगार मिळतोय, मग रडतोस कशाला.

कॅम्पची मेस रहमतुल्ला चालवायचे. ते दापोलीकडचे, साठीचे, तीस वर्षं इथे. एकदा आमटी वाढताना इंद्रनीलने त्यांना सहज विचारलं की तुमच्या इकाम्यावर काय लिहिलंय.

"मेंढपाळ," ते म्हणाले. "आणि जिंदगीत मेंढरू हाकलंलं नाय मी, साहेब. पन त्या कागदान माजा काय वाकडा केलान नाय. तुमचा कागुद खरा निघाला, ह्येच वायट झाला."

चारुताने त्याला त्या खोलीतून थोडंफार बाहेर काढलं ते कामाला लावून. जपानच्या जुन्या दरबारातली पदं आणि पदव्या यांचा एक छोटा मराठी कोश ती विद्यार्थ्यांसाठी करत होती. दोघांची ओळखच पुण्यात जपानीच्या वर्गात झाली होती, आणि हेआन काळातल्या दरबारावर प्रबंध लिहायला इंद्रनीलनेच सुरुवात केली होती. मग नोकरी लागली आणि प्रबंध राहून गेला. आता रोज सकाळी ती पाचसहा शब्द पाठवायची आणि संध्याकाळी पाचला, म्हणजे पुण्यात साडेसातला, दोघं फोनवर त्यावर बोलायची.

पहिल्याच आठवड्यात डाव्या-उजव्यावरून अडलं. जपानी दरबारात डावे मंत्री उजव्या मंत्र्यांपेक्षा वरचे. चारुता म्हणाली, आपल्याकडे डावं म्हणजे कमी. मुलं उलटंच समजतील. ती आधी अमात्य, सचिव अशी अष्टप्रधानांतली नावं वापरायची म्हणत होती, पण इंद्रनीलने हट्टाने 'डावे मंत्री' ठेवायला लावलं आणि खाली टीप लिहिली. बायकांना तिथे बाप नाहीतर भाऊ ज्या पदावर असेल त्या पदाच्या नावाने हाक मारत, त्यांची स्वतःची नावं बहुतेक हरवून गेली, हे लिहिताना चारुता म्हणाली की मग मी मुदीरणबाई. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी हसला.

सगळ्यात वरचं पद महामंत्र्याचं. त्याबद्दल जुन्या कायद्यातच म्हटलं होतं की लायक माणूस नसेल तर ते रिकामं ठेवावं. इंद्रनीलने ती ओळ दोनदा वाचली. पद रिकामं ठेवता येतं, ही कल्पनाच त्याला त्या खोलीत बसून परकी वाटली. मग 'सान्-इ' आला, म्हणजे श्रेणी आहे पण हुद्दा नाही असा माणूस. त्याला चारुताने 'बिनखात्याचा' लिहिलं, ते दोघांनाही पटलं.

'गोन' या शब्दाला मात्र तीन दिवस लागले. एखाद्या पदाआधी हा शब्द लागला की त्याचा अर्थ नेमणूक जादाची, ठरलेल्या संख्येबाहेरची. राजधानीपासून दूर, पश्चिमेच्या क्यूशू बेटावर एक मोठं सरकारी ठाणं होतं. तिथला मुख्य म्हणजे सोची. एखादा मंत्री दरबारात नकोसा झाला की त्याला 'गोन नो सोची' करून तिकडे पाठवत. कागदावर ती नेमणूक असे. तिथे गेल्यावर अधिकार नाही, काम नाही, परत यायची परवानगी नाही.

चारुता म्हणाली, "सरळ 'हद्दपार' लिहूया."

"नको. कधी कधी त्याच पदावर खरा कारभारी पण असायचा. नुसतं नाव वाचून कळत नाही, कोण कामाला गेलाय आणि कोणाला पाठवून दिलंय."

"मग?"

"जादा सुभेदार. आणि खाली सगळं लिही. लांब झालं तरी चालेल."

त्याच सुमारास तो अरबी वाचायला शिकला. कॅम्पमधला सुदानी स्टोअरकीपर त्याला रोज तासभर शिकवायचा. आपल्याला अडकवणारा कागद आपल्याला वाचता येत नाही, हे त्याला सहन होईना. ऑक्टोबरपर्यंत त्याने स्वतः सही केलेले तिन्ही फॉर्म शब्दकोश घेऊन पूर्ण वाचले. सगळं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

डिसेंबरमध्ये चारुता पंधरा दिवसांसाठी आली. दोघं जुबैलच्या किनाऱ्यावर फिरली, कोशाची 'न' पर्यंतची पानं तपासली, रहमतुल्लांनी केलेलं सांदण खाल्लं. एका संध्याकाळी ती म्हणाली की मी नोकरी सोडून इथेच येते, मुदीराला बायको आणता येते, तुझ्या मुदीरपणाचा तेवढा तरी उपयोग होईल. इंद्रनील नाही म्हणाला. तू आलीस की मी इथे राहतो असं होईल, म्हणाला. आत्ता मी फक्त अडकलोय.

परत जायच्या दिवशी दुपारचं विमान होतं. पासपोर्टच्या रांगेशी तो थांबला. चारुता खिडकीपाशी गेली, अधिकाऱ्याने शिक्का मारला, अर्धं मिनिटही लागलं नाही. पलीकडे जाऊन ती वळली आणि मग चटकन पुढे निघून गेली. तिथे उभी राहिले असते तर रडले असते, असं तिने नंतर सांगितलं. इंद्रनील त्या खिडकीकडे बघत बराच वेळ उभा होता. माणसं येत होती आणि जात होती, एवढंच. त्याला त्यातल्या एकेकाचा राग आला.

फेब्रुवारीत नाशिकचा जयदीप आला. सत्तावीस वर्षांचा, मेकॅनिकल, लग्नाला सहा महिने झालेले. आल्या दिवसापासून तो इंद्रनीलच्या मागे लागला की सर, फॅमिली व्हिसाला काय लागतं. त्याच्या इकाम्यावर 'तंत्रज्ञ' होतं, त्यावर बायकोला आणणं कठीण होतं. बायकोचं नाव कीर्ती. तिचे फोटो त्याने पहिल्याच जेवणाला दाखवले. तो थेट पुण्याच्या एजंटामार्फत आला होता, इथल्या कुणाशी त्याची ओळख नव्हती, आणि अपघाताबद्दल त्याच्याशी बोलायचं नाही, असं फहादने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. इंद्रनीललाही.

इंद्रनील बोलला नाही. तीन आठवडे तो त्या मुलाशेजारी जेवायला बसला आणि बोलला नाही. फोनवर चारुतालाही त्याने फक्त नवा इंजिनिअर आलाय एवढंच सांगितलं. फहाद काय करणार आहे हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. रात्री अंथरुणावर पडलं की पुण्यातल्या घराचा जिना, जिन्यातला दिवा, दारावरची कडी त्याला दिसायची आणि तो स्वतःला सांगायचा की मी कुणाला फसवत नाहीये, फसवतोय तो फहाद. हे पटायचं. सकाळी उठल्यावर पटायचं नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी फहादने दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर तेच तीन फॉर्म होते. कहवा आला, खजूर आले. फहादने जयदीपचं अभिनंदन केलं आणि इंग्रजीत सांगितलं की कंपनी तुला मुदीर करतेय, इकाम्यावरचा हुद्दा बदलेल, बायकोला आणता येईल. बाकी सगळं कागदावर. जयदीपचा चेहरा उजळला. त्याने पेन उचललं आणि मग, नुसती रीत म्हणून, फॉर्म इंद्रनीलकडे सरकवला.

"सर, तुम्हाला अरबी येतं ना? काय लिहिलंय यात?"

फहादला मराठी येत नव्हतं. तो इंद्रनीलकडे बघून हसला. नेहमीचंच आहे, एवढे दोन शब्द म्हटले की काम झालं असतं. इंद्रनील आठ-दहा दिवसांत घरी पोचला असता. त्याने फॉर्म जवळ ओढला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"वर तुझं नाव. खाली लिहिलंय की आस्थापनेतल्या सगळ्या कामांची, आणि आधीपासून चालू असलेल्या चौकशांची जबाबदारी मी स्वीकारतो. चौकशी चालू आहे. गेल्या वर्षी इथे एकाचा पाय गेला. ती फाइल बंद होईपर्यंत तुला देश सोडता येणार नाही. मला दहा महिने झाले. तू सही केलीस की मी सुटतो."

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज जरा चढला. जयदीपने पेन टेबलावर ठेवलं. त्याने फहादकडे बघितलं, मग इंद्रनीलकडे.

"हे तुम्ही मला आज सांगताय?" तो म्हणाला.

जयदीप उठला, मला विचार करायला वेळ हवा असं फहादला इंग्रजीत म्हणाला आणि बाहेर गेला. फहादने फॉर्म गोळा केले आणि इंद्रनीलला म्हणाला की तू स्वतःच्या हाताने दार लावून घेतलंस. त्याच्या बोलण्यात राग होता त्यापेक्षा नवल जास्त होतं.

पुढचे पाच आठवडे इंद्रनीलच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. जयदीपला खफजीला पाठवलं. जाताना तो निरोप घ्यायला आला नाही. संध्याकाळी इंद्रनीलने चारुताला सगळं सांगितलं, तीन आठवड्यांच्या गप्प राहण्यासकट. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस त्याला, आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेली. ती 'बरं' कुठल्या मनाने म्हणाली असेल हे त्याला माहीत होतं. कोश संपत आला होता. आता रोज एकदोनच शब्द उरलेले असायचे, आणि ते संपल्यावर पाच वाजता काय बोलायचं, याची त्याला भीती वाटायची.

एप्रिलमध्ये एका दुपारी फहाद एकटाच कॅम्पात आला. बुरैद्याच्या खजुरांचा डबा त्याने टेबलावर ठेवला आणि बसला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "मुहंदिस, त्या दिवशी त्या मुलाला तू काय सांगितलंस? शब्द न् शब्द सांग." मुहंदिस म्हणजे इंजिनिअर.

इंद्रनीलने ते अरबीत सांगितलं. त्याचं अरबी अजून पुस्तकी होतं, त्यामुळे फॉर्ममधलीच वाक्यं जशीच्या तशी तोंडात आली. फहाद खाली बघत ऐकत होता.

"मी हा कागद अकरा जणांकडून सही करून घेतलाय," तो म्हणाला. "मामाने सांगितलं की ठेवायचा समोर. मी स्वतः तो शेवटपर्यंत कधी वाचला नव्हता."

मग त्याने सांगितलं की तो परवा सरकारी ऑफिसात जाऊन आला. त्याचीही इंजिनिअरिंगची पदवी आहे, रियाधची. ती कधी वापरली नाही. जबाबदार मुदीर म्हणून त्याने स्वतःचं नाव दिलंय. मामा चिडलाय. या पदावर नेहमी बाहेरचाच माणूस ठेवायचा, अशी त्यांची रीत.

इंद्रनीलला आधी खरंच वाटेना. त्याने विचारलं, "मग तुझ्यावर सफरबंदी येईल."

"येईल. पण माझं घर इथेच आहे. तुला घरी जायला देश सोडावा लागतो, मला नाही." मग तो म्हणाला, "फक्त बहीण कुवेतला दिलीय. ईदनंतर तिला मूल होणार आहे. आमची आई नाही, म्हणून मी जाणार होतो."

इंद्रनील म्हणाला की मग थांब, मूल होईपर्यंत थांब, मी आणखी दोन महिने काढतो. हे त्याने मनापासून म्हटलं की म्हणायचं म्हणून, ते त्याचं त्यालाही नंतर कधी ठरवता आलं नाही. फहादने मान हलवली. खलास, म्हणाला, नाव चढलंय.

नऊ दिवसांनी दम्मामच्या खिडकीत अधिकाऱ्याने नंबर टाइप केला, शिक्का मारला आणि पासपोर्ट परत दिला. इंद्रनील तिथेच उभा राहिला. मागच्या माणसाने खांद्याला हात लावल्यावर तो पुढे सरकला. पुण्याला पोचल्यावर महिनाभर तो घराबाहेर फारसा पडला नाही. जूनमध्ये त्याने जयदीपला एक लांब पत्र मेलवर लिहिलं, माफी मागितली. जयदीपचं उत्तर दोन ओळींचं आलं: कीर्तीला नाशिकमध्ये नोकरी लागलीय, ती येणार नाही. तुमच्यावर राग नाही, पण बोलावंसंही वाटत नाही.

फहादच्या बहिणीला जूनच्या शेवटी मुलगी झाली. चाळीस दिवस झाल्यावर नवरा तिला आणि बाळाला गाडीत घालून सीमा ओलांडून खफजीला घेऊन आला, फहादमामाला दाखवायला. फहादने फोटो पाठवला. बाळ त्याने दोन्ही हातांवर, एखादा ट्रे धरावा तसं धरलं होतं. इंद्रनीलने तो चारुताला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

फाइल पुढच्या मार्चमध्ये बंद झाली. इंद्रनील तेव्हा पुण्यातल्या एका जपानी कंपनीत लागला होता. दुपारी जेवताना फहादचा मेसेज आला. बंदी सकाळी उठली, तो थेट गाडी काढून निघाला होता आणि आता कुवेतच्या सीमेवर होता. शेवटी लिहिलं होतं, रांग मोठी आहे.